पुष्पावती : मोठ्या दरीतली छोटी नदी

पाणवठा (चरई, ठाणे) – २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

आमच्या खिडकीत गेले आठ दिवस पाण्याची एक बाटली उभी आहे. उत्तराखंडातल्या घांघरिया गावाच्या खाली, फुलांच्या दरीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर, नदीकाठी भरून आणलेली. भरली तेव्हा पाणी पातळ ताकासारखं होतं, पांढऱ्यात राखाडी झाक असलेलं. घरी आणून ठेवली तशी तासाभरात जाड रेव तळाला बसली, पण वरचं पाणी दुधाळ ते दुधाळच. काल सकाळी पहिल्यांदा बाटलीतून पलीकडची तुळस दिसली. तळाशी आता बोटाच्या पेरापेक्षाही पातळ असा एक थर आहे. बाटली हलवली की सगळं पुन्हा ढवळून निघतं.

फुलांच्या दरीवर इथे आधी चांगले धागे आलेले आहेत. कधी जावं, काय काय फुलतं, फोटो, सगळं त्यांत आहे. मला त्या दरीतल्या नदीबद्दल लिहायचंय. तिचं नाव पुष्पावती. मी तीन दिवस आत गेले आणि बहुतेक वेळ नदीच पाहत बसले.

मी शाळेत भूगोल शिकवला. यू आकाराची दरी, लोंबती दरी, हिमोढ, हिमगव्हर, मेषशिला ही आकृती किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवली त्याची गणती नाही. पण शिकवताना एक गोष्ट माझ्या कधी मनातच आली नव्हती. ती तिथे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दिसली. दरी नदीच्या मानाने फार मोठी आहे.

आपल्या डोळ्यांना सह्याद्रीची सवय. आपल्याकडे नदी आणि दरी एकमेकींच्या मापाच्या असतात. राजमाचीवरून उल्हासची दरी पाहा. वरून खाली निमुळती होत जाते आणि तळाला पाणी. पावसाळ्यात त्या पाण्याला बाजूला सरकायला जागा नसते. ती दरी पाण्यानेच कापली, लाखो वर्षं कापली, म्हणून तिचा आकार पाण्याच्या सुरीचा आहे.

पुष्पावतीचं तसं नाही. दोन्ही बाजूंना कडे सरळ उभे आणि मधला तळ रुंद, काही ठिकाणी जवळजवळ सपाट. दरी साधारण पूर्व-पश्चिम पसरलेली. तिच्या पूर्वेच्या टोकाला टिपरा हिमनदी, तिच्या मागे रतबन आणि गौरी पर्बत ही शिखरं. गौरी पर्बत ६,७१९ मीटर, उद्यानातली सगळ्यात उंच जागा. आणि या एवढ्या दालनातून वाहते कोण, तर एक नदी, जिच्या काही फाट्यांपलीकडे मी दगड सहज भिरकावू शकले असते. ती एका धारेत वाहतही नाही. गोट्यांच्या पट्ट्यांमधून दोन-तीन वेण्या होऊन वाहते, पुन्हा एकत्र येते, पुन्हा फुटते. ओळखीच्या कुणाच्या मोठ्या वाड्यात एकटी लहान मुलगी राहत असावी, तसं मला वाटलं.

वाडा बांधणारा निघून गेलाय. ही दरी खोदली बर्फाने. आज टिपरा हिमनदी जिथे संपते, तिथून ती पूर्वी खूप खाली यायची. बर्फ पाण्यासारखा फक्त तळ कापत नाही. तो दरीच्या भिंतींनाही खेटून सरकतो. त्याच्या पोटात अडकलेले दगड कानशीसारखे खडकावर घासत जातात. म्हणून तळ रुंद होतो आणि भिंती उभ्या राहतात. बाजूच्या लहान हिमनद्यांना एवढं खोल खणता येत नाही, त्यांच्या दऱ्या वरच लोंबत राहतात. बर्फ गेल्यावर त्यांतलं पाणी मुख्य दरीत धबधबा होऊन पडतं. पहिल्या दिवशी ऊन होतं तेव्हा समोरच्या कड्यावरून असे किती धबधबे उतरत होते! फळ्यावर मी लोंबत्या दरीखाली तीन उभ्या रेषा काढायचे. त्या तीन रेषांचा आवाज असतो हे तिथे कळलं.

आता पाण्याच्या चढउताराबद्दल. याचसाठी खरं तर धागा काढला.

पहिल्या दिवशी दहाच्या सुमारास नदीकाठी पोचले. पात्रात एक मोठा धोंडा होता, त्याच्या अंगावर गारगोटीची पांढरी आडवी शीर. शीर पाण्याच्या वर साधारण वीतभर होती. मी जवळच बसले. अकराला तेवढीच. बाराला चार बोटं. दीड वाजता निघताना शीर दिसेनाशी झाली आणि पाणी जास्त पांढरं झालेलं. वर आकाश निरभ्र, थेंब नाही पाऊस. मुक्कामाला मनाई असल्यामुळे संध्याकाळच्या आत बाहेर पडावं लागतं, त्यामुळे पुढचं पाहता आलं नाही. पण घांघरियाला खोलीत रात्री नदीचा आवाज येतो. जेवणाच्या वेळी तो सगळ्यात भरलेला होता, आणि पहाटे जाग आली तेव्हा बराच खाली उतरलेला.

सकाळी ऊन बर्फावर पडतं, बर्फ वितळतो, ते पाणी हिमनदीच्या भेगांतून, तिच्या पोटातल्या बोगद्यांतून वाट काढत तोंडाशी येतं, तिथून नदीत उतरतं. या प्रवासाला काही तास लागतात, म्हणून डोक्यावरच्या उन्हाचं पाणी दुपार उलटल्यावर आणि संध्याकाळी पोचतं. रात्री थंडीने वितळणं मंदावतं आणि पहाटे नदी सगळ्यात लहान असते.

दुसऱ्या दिवशी दाट ढग होते. पांढरी शीर दिवसभर दिसत राहिली. रात्री पाऊस झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दहालाच शीर बुडालेली. पण त्या दिवशी पाण्याचा रंग वेगळा होता, मातकट. ते पाणी हिमनदीचं कमी आणि बाजूच्या उतारांवरून धुऊन आलेलं जास्त, असं मी समजले. चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

एक जागा मात्र सांगायलाच हवी. घांघरियाहून दरीत जाताना आधी एका अरुंद घळीवरचा पूल लागतो. खाली पुष्पावती दोन कड्यांमध्ये चेपून, उसळत जाते. वरच्या रुंद दरीतून ही नदी याच घळीतून बाहेर पडते. जाताना मी तिथे फोटो काढून पुढे गेले. तीन दिवस वर बसून परत येताना त्या पुलावर थांबले तेव्हा लक्षात आलं, की ही घळ नदीची स्वतःची आहे. वरची दरी तिला आयती मिळाली. बर्फ मागे सरकल्यावर जे काही कापायचं ते तिने इथे कापलं. मोठ्या वाड्यातल्या त्या मुलीने स्वतःच्या हाताने बांधलेली ही पहिली खोली.

कुणी गेलं असेल तर आपापलं निरीक्षण लिहा. विशेषतः जून किंवा सप्टेंबरात गेलेल्यांनी.

---

भटकीपोर (ऐरोली) – २४ ऑगस्ट, रात्री १०:२६

ताई, आम्ही चौघं ६ सप्टेंबरला निघतोय! फुलं ओसरलेली असतील म्हणून सगळे नावं ठेवत होते, आता मला नदीसाठी जायचंय.

एक शंका. हिमालयातल्या ट्रेकला ओढे सकाळी लवकर ओलांडून घ्या असं सांगतात. मला वाटायचं दुपारी हवा बिघडते म्हणून. ते या चढउतारामुळेच का?

---

पाणवठा – २४ ऑगस्ट, रात्री १०:५१

दोन्हीमुळे. पण बर्फावरून येणाऱ्या ओढ्याला हवा छान असली तरी दुपारी जपायचं, कारण छान हवा म्हणजेच जास्त पाणी. आपल्याकडे उलट असतं. आपण आभाळ भरून आलं की नदीला घाबरतो. तिथे निळ्या आकाशाखालीही पाणी वाढत असतं. फुलांच्या दरीतल्या मुख्य वाटेवर ओढ्यांवर लाकडी साकव टाकलेले असतात, त्यामुळे काळजी नको. पण साकव सोडून पाण्यात उतरू नका. पाणी दुधाळ असल्यामुळे तळ दिसत नाही आणि खोलीचा अंदाज हमखास चुकतो.

---

दगडफूल (नेरूळ) – २५ ऑगस्ट, सकाळी ७:१५

पाणवठाताई, फार आवडलं. भूशास्त्र शिकलोय, म्हणून थोडी भर घालतो.

तुमच्या बाटलीतला थर म्हणजे दगडाचं पीठ. शब्दशः पीठ. हिमनदी खडकावर खडक दळते आणि ते इतकं बारीक होतं की पाण्यात तरंगत राहतं. हे कण प्रकाश विखुरतात, म्हणून पाणी दुधी दिसतं. बोटांत चोळून पाहा, टाल्कम पावडरसारखं लागेल. आपल्या ठाण्याच्या खाडीचा चिखल याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. आपला बसाल्ट उष्ण आणि दमट हवेत रासायनिक रीतीने कुजतो. त्यातल्या खनिजांची चिकणमाती होते, ती बोटांना चिकटते, ताणली जाते. तिकडच्या थंडीत कुजणं फार मंद. तिथला बारीक कण हा बहुतांशी न कुजलेला, नुसता चिरडलेला दगड. त्यामुळे तो चिकटणार नाही.

मातकट पाण्याचा तुमचा तर्क बरोबर आहे.

एका गोष्टीत थोडा वेगळा सूर लावतो. पाठ्यपुस्तकातला तो स्वच्छ यू प्रत्यक्षात कमी ठिकाणी दिसतो. पुष्पावतीच्या दरीतही तळाचा मूळ खडक बहुतेक ठिकाणी झाकलेला आहे. दोन्ही बाजूंच्या कड्यांवरून पडलेल्या दगडांचे उतार, हिमलोटांनी आणून टाकलेले पंख्यासारखे ढीग, जुने हिमोढ (हिमनदीने मागे ठेवलेले ढिगारे), नदीचा स्वतःचा गाळ, असे सगळ्यांचे थर एकमेकांवर. आपण ज्या मऊ, उतरत्या कुरणांवरून चालतो ती कुरणं म्हणजे बर्फ गेल्यानंतर भरलेला माल आहे. बर्फाने दालन खोदलं हे खरं, पण त्यात नंतर डोंगराने बरंच सामान आणून टाकलं. आणि फुलं त्या सामानावर उगवतात. हिमलोट दर हिवाळ्यात उतार घासून जातात, बर्फ उशिरापर्यंत साचून राहतो, झाडांना मूळ धरू देत नाही. म्हणून भूर्जांची रांग एका मर्यादेला थांबते आणि पुढे मोकळं कुरण लागतं. ती दरी फुलांची आहे यात हिमलोटांचा मोठा वाटा आहे.

---

पाणवठा – २५ ऑगस्ट, सकाळी ८:०२

दगडफूल, हे वाचून मी पुन्हा फोटो उघडून बसले. एका फोटोत डाव्या उताराचा पायथा खरंच पंख्यासारखा पसरलाय आणि नदी त्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला ढकलली गेलीय. तिथे बसून मला ते वळण दिसलं होतं, कारण दिसलं नव्हतं. आभार मानते.

पीठ चोळून पाहिलं. टाल्कमच!

---

खाडीकाठ (विटावा) – २५ ऑगस्ट, दुपारी १:३०

बाई, मी कधी हिमालयात गेलो नाही. पण तुमचा तो धोंडा वाचताना अंगावर काटा आला, कारण माझ्या आज्याने आम्हाला पाणी असंच शिकवलं. खाडीत एक जुना खांब होता, त्याच्या खुणेवरून भरती किती आली, ओहोटीला किती वेळ आहे ते तो सांगायचा. घड्याळ लागायचं नाही.

मला एवढंच विचारायचंय. आमचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. आणि रोज ती वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. तुमच्या नदीची वेळ सरकते का?

---

पाणवठा – २५ ऑगस्ट, दुपारी ३:१०

खाडीकाठदादा, तुमच्या प्रश्नाने माझ्या तीन दिवसांचा अर्थ लागला.

नाही सरकत. तुमची भरती चंद्राची आहे, आणि चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येतो. या नदीची भरती सूर्याची, आणि सूर्याची वेळ ठरलेली. म्हणून दिवसातून एकदाच चढ, एकदाच उतार, रोज साधारण त्याच वेळी. तुमच्याकडे ढग आले म्हणून भरती चुकत नाही. तिथे ढग आले की चुकते. माझा दुसरा दिवस तसाच गेला.

तुमच्या आजोबांचा खांब अजून आहे का?

---

खाडीकाठ – २५ ऑगस्ट, दुपारी ३:४४

खांब गेला. पण जागा दाखवू शकतो.

---

दगडफूल – २५ ऑगस्ट, रात्री ८:२०

छोटी भर. वेळ अगदीच सरकत नाही असं नाही, पण ती दिवसागणिक नाही, ऋतूनुसार सरकते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला हिमनदीवर ताज्या बर्फाची जाड दुलई असते. वितळलेलं पाणी त्या दुलईत मुरतं, रेंगाळतं, उशिरा आणि पसरून येतं. जुलै-ऑगस्टपर्यंत दुलई विरते, बर्फाच्या पोटातले बोगदे रुंद होतात, पाणी भरभर खाली पोचतं. मग लोट लवकर आणि जोरात येतो. एकाच धोंड्यावर जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये नोंद घेतली तर हा फरक कळेल.

---

निवांत_वाशी (वाशी) – २५ ऑगस्ट, रात्री ९:०५

दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, त्यामुळे दरीपर्यंत चालणं होणार नाही. मुलगा बद्रीनाथला नेणार आहे. वाटेत ही नदी कुठे भेटेल का?

---

पाणवठा – २५ ऑगस्ट, रात्री ९:३८

भेटेल, नाव बदलून. पुष्पावतीला घांघरियाजवळ हेमकुंडाकडून उतरणारी धार मिळते. पुढे त्या एकत्र प्रवाहाला कुणी लक्ष्मणगंगा म्हणतं, कुणी भ्यूंदरगंगा. ती गोविंदघाटला अलकनंदेला मिळते, आणि गोविंदघाट तुमच्या बद्रीनाथच्या रस्त्यावरच आहे. गाडी थांबवा आणि पाहा. अलकनंदा पुढे विष्णुप्रयागला धौलीगंगेला भेटते, मग नंदप्रयाग, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग आणि देवप्रयागला भागीरथीला मिळून गंगा. म्हणजे हरिद्वारला तुम्ही जे पाणी ओंजळीत घ्याल त्यात थोडी पुष्पावती असेलच.

घांघरियाच्या संगमाबद्दल आधी लिहायचं राहिलं. हेमकुंडाकडची धार मला पुष्पावतीपेक्षा स्वच्छ दिसली, त्या पहिल्या उन्हाच्या दिवशी तर सरळ दोन रंग ओळखू येत होते. कारण सोपं आहे. वरती चार हजार मीटरहून जास्त उंचीवर हेमकुंड सरोवर आहे, हिमनदीनेच कोरलेल्या वाडग्यासारख्या खळग्यातलं. सरोवरात पाणी थबकतं, जे काही वाहून आणलेलं असतं ते तळाला बसतं आणि निवळलेलं पाणी पुढे निघतं. माझ्या खिडकीतल्या बाटलीत आठ दिवस जे चाललंय तेच तिथे कायम चालू असतं. पुष्पावतीच्या वाटेत असा थांबा नाही.

काकू आहात की काका माहीत नाही, पण गोविंदघाटला सकाळी आणि परतीला संध्याकाळी अशी दोनदा थांबता आलात तर फरक पाहून मला नक्की कळवा.

---

निवांत_वाशी – २५ ऑगस्ट, रात्री ९:५०

काकू. नक्की कळवते.

---

येऊरची_वाट (ठाणे) – २७ ऑगस्ट, सकाळी ६:४०

मी दोनदा गेलोय, २०१२ च्या जुलैत आणि पुन्हा २०१५ च्या ऑगस्टमध्ये. मध्ये जून २०१३ येऊन गेला.

२०१२ च्या आठवणीत गोविंदघाटपासून पायी वाट, नदीच्या कडेकडेने, मध्ये भ्यूंदर गाव. तिथे एका घरी चहा घेतला होता. त्या घरच्या आजींनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यात त्या शेळ्यामेंढ्या घेऊन वरच्या दरीत जायच्या. १९८२ ला राष्ट्रीय उद्यान झालं आणि चराई बंद झाली. फुलांच्या दरीची गोष्ट सांगताना १९३१ साली कामेट शिखर चढून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती तिथे उतरले, तिथून ती सुरू करण्याची पद्धत आहे. भ्यूंदरच्या लोकांच्या जनावरांना ती दरी त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होती. स्माइथने ती जगाला सांगितली एवढं खरं. हे मला दर वेळी लिहावंसं वाटतं, म्हणून इथेही लिहितोय.

१६-१७ जून २०१३ च्या पावसात याच नदीने वाट, पूल, गोविंदघाटची बांधकामं, गाड्या, काय काय नेलं. भ्यूंदर गावाचं मोठं नुकसान झालं. २०१५ ला गेलो तेव्हा कितीतरी टप्प्यांत वाट नव्याने काढलेली होती. ज्या घरी चहा घेतला ते घर मला सापडलं नाही. नदीचं पात्र मी ओळखूच शकलो नाही. जिथे एक धार आणि हिरवा काठ होता तिथे घरांएवढ्या धोंड्यांचं पांढरं मैदान झालं होतं, आणि त्यातून एक बारीक, निरुपद्रवी दिसणारं पाणी वाहत होतं.

ताईंनी नदीला लहान मुलगी म्हटलंय. मला ती उपमा आवडली, पण ते पांढरं मैदान पाहिल्यापासून मी तिला लहान म्हणू शकत नाही.

---

पाणवठा – २७ ऑगस्ट, सकाळी ९:१५

दादा, तुमचं लिहिणं वाचून बराच वेळ काही टंकता आलं नाही.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी तीन दिवस वरच्या रुंद दरीत बसले. तिथे नदीला पसरायला जागा आहे, ती वेण्या घालते, तिचा राग गोट्यांमध्ये विरतो. खाली घांघरियानंतर दरी अरुंद आणि तीव्र उताराची होते, आपल्या सह्याद्रीसारखी व्ही आकाराची. तिथे तेच पाणी एकाच फटीत येतं. आणि वाट, दुकानं, घरं सगळी त्या फटीच्या काठावर, कारण दुसरीकडे सपाट जागाच नाही. ते धोंडे मीही पाहिले, त्यांवर बसून पराठा खाल्ला. ते कुठून आणि कधी आले हे मी कुणाला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

उपमा मी मागे घेते.

---

दगडफूल – २७ ऑगस्ट, रात्री १०:१०

येऊरची_वाट, तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. त्यातला भूशास्त्राचा धागा असा, की हिमनदी मागे हटते तेव्हा ती सैल माल मागे ठेवून जाते. हिमोढ म्हणजे माती, रेव, धोंडे यांचा न बांधलेला ढिगारा. त्यावर गवत उगवलं तरी आत तो सैलच असतो. एरवीच्या दिवशी नदीला तो मोठा माल हलवता येत नाही. मोठ्या पुरात मात्र ती एका रात्रीत कित्येक वर्षांचा माल खाली आणते.

आणि टिपरा हटतेच आहे. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी १९६२ ते २००८ या काळातला बदल तपासला होता. हिमनदीचं तोंड साडेसहाशे मीटरहून जास्त मागे गेलेलं आढळलं, म्हणजे वर्षाला १४ मीटरच्या आसपास. हिमनदी आकसू लागते तेव्हा सुरुवातीची काही वर्षं नदीला जास्त पाणी मिळतं, कारण वितळणं वाढलेलं असतं. नंतर वितळायला बर्फच कमी उरतो आणि उन्हाळ्याचं पाणी घटत जातं. तेव्हा ताईंच्या धोंड्यावरची ती दुपारची भरतीही लहान होत जाईल, आणि नदी हळूहळू आपल्या नद्यांसारखी, पावसाच्या भरवशावरची होईल.

पनवेलची गाढी आठवा. माथेरानच्या डोंगरात उगम, पावसाळ्यात दुथडी, मार्चमध्ये डबकी. तिच्या डोक्यावर बर्फाची बचत नाही.

---

भटकीपोर – १६ सप्टेंबर, रात्री ११:२०

आलो! धागा वर काढतेय.

ताई, तुमचा धोंडा सापडला नाही, पण आम्ही आमचा एक निवडला आणि दोन दिवस आळीपाळीने खूण पाहिली. दोन्ही दिवस स्वच्छ ऊन. सकाळी साडेनऊला आणि दुपारी दोनला, फरक जेमतेम तीन बोटांचा. तुमच्या वितीपेक्षा बराच कमी. पहाटे घांघरियाला चांगलाच गारठा होता. दगडफूलदादा, सप्टेंबरात थंडीमुळे वितळणं कमी, म्हणून चढ कमी, असं आम्ही चौघांनी ठरवलं. बरोबर आहे का?

पाणीही तुमच्या फोटोतल्याइतकं पांढरं नव्हतं. उथळ जागी तळ दिसत होता.

आणि एक. नदीच्या मधल्या गोट्यांच्या पट्ट्यांवर, जिथे दुसरं काहीच नव्हतं, तिथे जांभळट-गुलाबी फुलांची बुटकी झुडपं होती, बरीचशी बोंडं धरलेली. गाईडने रिव्हर ब्यूटी असं नाव सांगितलं. बाकीची फुलं दगडफूलदादांनी सांगितलेल्या त्या भरलेल्या उतारांवर, आणि हे एकटंच नदीच्या अंगणात. पुढच्या पुरात ती बेटं राहतील की नाही कोण जाणे, तरी तिथेच उगवतं.

येऊरच्या काका, भ्यूंदरला थांबलो. तुमची आठवण काढली.

---

दगडफूल – १७ सप्टेंबर, सकाळी ७:०५

भटकीपोर, तुम्ही चौघांनी बरोबर ठरवलं. पाणी कमी वितळतं म्हणून जोर कमी, जोर कमी म्हणून पीठही कमी वाहून येतं. तळ दिसला तो त्यामुळे.

ते झुडूप एपिलोबियम. हिमनदी हटल्यावर उघड्या पडलेल्या रेवेवर आणि नदीच्या गोट्यांवर जी झाडं सगळ्यात आधी येतात त्यांतलं एक.

पाणवठाताई, तुमच्या बाटलीतलं पाणी अजून आहे का? असेल तर एक करून पाहा. बाटली चांगली हलवून पाणी दोन काचेच्या ग्लासांत ओता आणि एकात चमचाभर मीठ विरघळवा. मग दोन्ही शेजारी ठेवून द्या.

---

पाणवठा – १९ सप्टेंबर, रात्री ८:४५

केलं. परवा संध्याकाळी सहाला ठेवले. मिठाच्या ग्लासात अर्ध्या तासातच बारीक बारीक पुंजके दिसायला लागले आणि ते खाली उतरू लागले. काल सकाळी तो ग्लास बराच निवळलेला. दुसरा आत्ताही धूसर आहे. असं का होतं?

---

दगडफूल – १९ सप्टेंबर, रात्री ९:३०

बारीक कणांच्या अंगावर विद्युत भार असतो, तो त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. मिठाच्या पाण्यात तो भार झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि बसतात. प्रत्येक नदी जिथे समुद्राला भेटते तिथे हे घडतं. गोड्या पाण्यात तरंगत आलेला बारीक गाळ खारं पाणी लागताच खाली बसू लागतो. आपल्या ठाण्याच्या खाडीत चिखल साचतो त्याच्या कारणांत हेही एक आहे.

---

खाडीकाठ – १९ सप्टेंबर, रात्री १०:०२

म्हणजे आमचा चिखल असा बसतो. आज्या म्हणायचा, भरतीचं पाणी थांबलं की चिखल पडतो, ओहोटी लागायच्या आधी. ते थांबलेलं पाणी आम्ही बोटाने दाखवायचो.

बाई, रविवारी सकाळी या. तुमची बाटली घेऊन या, मी खाडीच्या पाण्याची भरून ठेवतो. दोन्ही शेजारी ठेवून बघू. खांबाची जागाही दाखवतो, पण ओहोटीलाच दिसेल. रविवारी ओहोटी किती वाजता लागते ते बघून उद्या इथेच वेळ लिहितो.

---

पाणवठा – १९ सप्टेंबर, रात्री १०:१०

येते. तळाचं थोडं पीठ अजून आहे.

---

भटकीपोर – १९ सप्टेंबर, रात्री १०:१४

मीही येऊ का? ऐरोलीहून ठाण्याची लोकल पकडते. आमच्या चौघांची बाटली पण आहे, सप्टेंबरची.